ग्वायी म्हटल्याशिवाय

सतरा वर्षं मी लोकांची जनावरं राखतेय आणि माझ्या हाती एकही मेलं नव्हतं. हे मी मिरवायची. चर्चमध्ये, पाण्याच्या रांगेत, कुठंही. बुलावायोत आता ज्याच्या त्याच्या घरी तीच रड आहे. कुणाची पोरं लंडनला, कुणाची जोबर्गला. म्हातारे महिना-दोन महिने त्यांच्याकडे जातात, मागं कुत्री, मांजरं, पोपट उरतात. मग मान्याथीला फोन. मान्याथी म्हणजे मीच. न्याथी माझ्या बापाचं आडनाव, आणि आमच्यात बाई लग्न होऊन कुठंही जावो, हाक बापाच्याच नावानं मारतात.

लोकांना वाटतं हे बसून खायचं काम आहे. एक दिवस करून बघा म्हणावं. सकाळी उठलं की आधी कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी दाबायची. बोट काढल्यावर गुलाबी झाली तर ठीक, पांढरीच राहिली तर गोचिडताप, आणि मग डॉक्टरकडे पळायचं. कानात, बोटांच्या बेचक्यात गोचिडी शोधायच्या. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी, म्हणून पिंपं भरून ठेवायची. हिलसाइडला माझ्याकडे एक पोपट असतो, तो मेलेल्या मालकासारखा खोकतो. मालकीणबाईंना ते गोड वाटतं. माझ्या अंगावर मात्र दर वेळी काटा येतो.

पण सांगायचंय ते खुलू म्हलांगांच्या कुत्र्याचं. खुलू म्हणजे आजोबा. माझे सख्खे नव्हेत, पण पिकल्या केसांच्या माणसाला आम्ही दुसरं काय म्हणणार. रेल्वेत गार्ड होते, घरही रुळांच्या कडेलाच. बायको गेल्यावर ते स्वतःच रांधायला, अंगण झाडायला, धुणं वाळत घालायला लागले. पलीकडची मासिबांडा गल्लीभर सांगत सुटली की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आमच्याकडे शेजाऱ्याशी उघड भांडायचं नसलं की माणूस कुत्रं पाळतो आणि जे बोलायचं ते त्याच्या नावात घालतो. खुलूंनी पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं बझोथिनी, म्हणजे ‘लोक काय म्हणतील’. रोज दोन वेळा कुंपणाशी उभं राहून घसा फोडून हाक मारायची. मासिबांडा काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. तिनं कोंबडा पाळला आणि त्याला नाव दिलं ‘ऐकतेय मी’. सात वर्षं दोघं हाका मारत राहिली, समोरासमोर एक शब्द न बोलता.

बझोच्या आधी खुलूंची दोन कुत्री गेली होती. दोन्ही एकाच तऱ्हेनं. चोर आधी कुंपणावरून मांसाचा तुकडा टाकतात, आत काळे दाणे भरलेले असतात. बाजारात उंदराचं औषध म्हणून पुडी मिळते. कुत्रं दोन पावलं टाकतं आणि आडवं होतं, मग चोर आरामात आत येतात. दुसरं कुत्रं पुरल्यावर खुलूंनी ठरवलं, तिसरं असं मरू द्यायचं नाही. त्यांनी बझोला शिकवलं की जमिनीवर पडलेलं काही खायचं नाही, मग ते सोन्याचं का असेना. आणि ताटलीतलंसुद्धा ‘ग्वायी’ म्हटल्याशिवाय खायचं नाही. ग्वायी हे व्हिक्टोरिया फॉल्सच्या लाइनवरचं स्टेशन. तिथं गाडी थांबली की खुलू डबा उघडायचे, म्हणून तो शब्द. वर्षभर खपले त्यासाठी. ओळखीच्या लोकांना सांगून कुंपणावरून हाडं टाकून घ्यायची आणि बझोनं नुसतं हुंगलं तरी ओरडायचं. शेवटी असं झालं की ‘ऐकतेय मी’नं अर्धवट टाकलेला किडासुद्धा बझो वळसा घालून ओलांडायचा.

जूनमध्ये खुलूंच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, जोबर्गला. मुलगी सिखान्यिसो तिथंच असते, ती न्यायला आली. म्हातारा हटून बसला.

“दोन पुरलीत मी,” ते मला म्हणाले. “तिसरं मेलं तर पुरायलाही मी नसेन.”

“खुलू, सतरा वर्षांत माझ्या हाती एक चिमणी नाही मेली. तुमचाच काय पहिला मरणार?”

“तू शब्द दे.”

“दिला. तुम्ही याल तेव्हा तो फाटकात उभा असेल.”

सिखान्यिसोनं मागून माझा हात दाबला. त्या शब्दावर म्हाताऱ्यानं ऑपरेशनच्या कागदावर सही केली, आणि गाडीत बसताना बझोकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. बघितलं असतं तर गेले नसते.

पहिल्या संध्याकाळी मी मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा सुक्या मासळीत कालवून ताटलीत वाढला आणि म्हटलं, “ग्वायी.” बझो बसून राहिला. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, घोगऱ्या आवाजात म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याच्या मालकाचा कोट चोरून घातलाय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी सिखान्यिसोला सांगून खुलूंचा आवाज फोनवर मागवला. ‘बझोथिनी, ग्वायी.’ फोन ताटलीशेजारी ठेवून वाजवला, तसं कुत्र्यानं मान वाकडी केली, फाटकाकडे बघितलं, आणि खाल्लं. मी तिथंच पायरीवर बसून देवाचे आभार मानले.

सात दिवस त्या आवाजावर चाललं. आठव्या दिवशी बझोनं फोन हुंगला, उलटापालटा करून हुंगला आणि फाटकाशी जाऊन आडवा झाला. फोनमध्ये माणूस नाही हे त्याला कळलं. मग काहीही करा, तोंड लावेना. चार दिवस नुसतं पाणी. फासळ्या मोजता येतील असा झाला, आणि हिरड्यांचा रंग उतरला. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, ध्यास घेतलाय, काहीही करून खायला घाला.

तिकडे खुलूंचं एक होतं. त्यांना फोटो नको, काही नको, रोज संध्याकाळी पाचला बझोचं भुंकणं ऐकायचं. वॉर्डात फोन कधी चालू, कधी बंद, म्हणून मी भुंकणं टिपून पाठवायची. फाटकाची कडी वाजवली की तो भुंकायचाच. त्या चार दिवसांत म्हाताऱ्याचा फोन आला. “आवाज बारीक झालाय. पोटात काही नाही त्याच्या.”

“थंडी पडलीय, खुलू.”

“मी परत येतो.”

“या खुशाल. ऑपरेशन न करता या आणि दोघं मिळून मरा. मला काय, मी दोघांना पुरते.” असं फाडकन बोलले. म्हातारा हसला, पण मला हसू आलं नाही. शब्द माझा होता आणि कुत्रं माझ्या डोळ्यांदेखत संपत चाललं होतं.

त्याच दिवशी मी बाजारातून वजडी आणली. स्वच्छ धुऊन बिनमिठाची तळली, अंगण भरून वास सुटला. ताटलीला बझो नाहीच म्हणणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी ताटली ठेवलीच नाही. एक तुकडा त्याच्यासमोर गवतात फेकला आणि दुसरीकडे तोंड करून बसले. त्यानं हुंगलं नि मागं सरला. मी दुसरा फेकला, तिसरा फेकला. “खा रे मेल्या,” म्हटलं, “तुझा म्हातारा बघत नाहीये.” सहाव्या तुकड्याला त्याची जीभ बाहेर आली. सातवा त्यानं उचलला.

चार दिवसांत ते खाणं खेळच बनलं. मी अंगणाच्या या टोकाहून फेकायची, तो त्या टोकाहून धावत यायचा. झाडाआड फेकलं तरी शोधून काढायचा. कुंपणाजवळ फेकलं की उडी मारून झेलायचा. अंग भरलं, डोळ्यांत तेज आलं. संध्याकाळचं भुंकणं असं खणखणीत झालं की खुलू म्हणाले, “मान्याथी, काय जादू केलीस?”

“माझी माझ्यापाशी,” मी म्हटलं.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुणाला दया वाटेल ती, पण मी ओळखते स्वतःला, तो गर्व होता. सात वर्षं म्हाताऱ्यानं जे बांधलं ते मी चार दिवसांत सोडवलं याचा मला आनंद झाला होता. एकदा मासिबांडानं कुंपणावरून डोकं काढलं.

“जमिनीवरून खायला शिकवतेस त्याला?”

“उपाशी मारू का मग?”

“तसं नाही गं. पण आधीची दोन कशी मेली ते मी बघितलंय.”

“तुमच्यावरूनच नाव ठेवलंय ना त्याचं, म्हणून त्याचं खाणं डोळ्यांत येतंय तुमच्या.”

ती डोकं खाली घेऊन निघून गेली. जिच्या तोंडाला अख्खी गल्ली घाबरते, त्या बाईला मी एका वाक्यात गप्प केलं म्हणून त्या दिवशी मी खूश होते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

तपासण्या आणि तारखा पुढं ढकलणं यात महिना गेला, शेवटी ऑपरेशन गुरुवारवर आलं. त्याआधीच्या रविवारी मी नेहमीसारखी चर्चला गेले. सकाळी निघताना बझोची हिरडी दाबली, लालगुलाबी होती. दुपारी एकला परतले तर फाटकात कुणी उभं नव्हतं. कडी वाजवली, भुंकणं नाही.

तो कुंपणापासून दोन-तीन हातांवर पडला होता. तोंडाला फेस, पाय ताठ, आजूबाजूचं गवत उपटलेलं. दोन पावलांत संपतं म्हणतात ते खोटं आहे. बराच वेळ लागला असावा, पंजांनी माती खणली होती. शेजारी मांसाचा उरलेला तुकडा, त्यात काळे दाणे. आणि तुकडा कुठं पडला होता म्हणाल, तर कुंपणाजवळ जिथं मी वजडी फेकायची बरोब्बर तिथंच. मागचं दार उचकटलं होतं, छतावरच्या सोलरची बॅटरी गेली होती, टीव्ही गेला होता. तिकडे मी बघितलंसुद्धा नाही. मी त्याच्याजवळ बसले, ओठ वर केला आणि हिरडी दाबली. सवयच ती. पांढरीच राहिली.

पोलीस आले, कागदावर नंबर लिहून गेले. पुरायला मासिबांडानं कुदळ दिली आणि स्वतःही आली. विष खाल्लेलं जनावर खोल पुरावं लागतं, नाहीतर दुसरी कुत्री उकरून खातात. छातीइतका खड्डा केला, वर चुना टाकला. तो सगळा वेळ ती बाई एक शब्द बोलली नाही. ‘सांगितलं होतं ना’ म्हणाली असती तर मी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

सिखान्यिसोला फोन केला. ती रडली, मग तिचा आवाज कोरडा झाला.

“बाबांना गुरुवारपर्यंत कळता कामा नये, आँटी. डॉक्टर म्हणालेत, मन शांत पाहिजे.”

“आणि पाच वाजता भुंकणं मागतील तेव्हा?”

“तुमच्याकडे जुनी असतील ना टिपलेली.”

होती. माझ्या फोनात बझोची अठ्ठावीस भुंकणी होती. सोमवारी मी त्यातलं एक पाठवलं. खुलूंचा निरोप आला, ‘छान, जेवलेला दिसतोय.’ मंगळवारी दुसरं पाठवलं. जे मी त्यांच्या आवाजाचं कुत्र्याशी केलं, तेच आता त्याच्या आवाजाचं त्यांच्याशी करत होते. शरम वाटत होती, हात थांबत नव्हता.

बुधवारी त्यातल्या त्यात लांबलचक असलेलं निवडलं. म्हटलं उद्या टेबलावर घेणार, आज भरपूर ऐकू दे. पाठवून दहा मिनिटं झाली नसतील, फोन वाजला.

“मान्याथी.”

“बोला, खुलू.”

“आज वार कोणता?”

“बुधवार.”

“भुंकण्यामागं गाडीची शिट्टी आहे. ती कोळशाची गाडी आहे, ती शुक्रवारी जाते.”

ज्या माणसानं चौतीस वर्षं त्या रुळांवर काढली त्याच्यापुढं मी रुळांलगतच्या घरातला आवाज वाजवला होता. महिनाभर मी त्या घरात वावरत होते, ती शिट्टी मला ऐकूच येत नव्हती.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“रविवारी.”

“मांस?”

“हो.”

“जमिनीवरून उचललं?”

“हो, खुलू.”

ते म्हणाले, “म्हणजे माझं शिकवणं कच्चं निघालं. सात वर्षं मला वाटत होतं पक्कं झालंय.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण उद्या ऑपरेशन, मन शांत पाहिजे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी भ्याले. त्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तेच मनात घेऊन ते टेबलावर गेले.

झडप बसली. पाच आठवड्यांनी खुलू परत आले, अंगातला कोट दुसऱ्याचा वाटावा इतके वाळलेले. सिखान्यिसोनं त्यांना पायरीवर बसवलं आणि ती सामान घेऊन आत गेली. मी किल्ली द्यायला थांबले होते. फाटकात कुणी उभं नव्हतं, हे त्यांनी बघितलं आणि मीही बघितलं. पलीकडे मासिबांडानं कोंबड्याला हाक मारली, नुसतं ‘ये ये’ करून. बझो गेल्यापासून ती त्याचं नाव घेत नाही. आणि वजडीचं तिनं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. साखर संपली तरी गल्लीला कळवणारी बाई, पण हे तिनं पोटात ठेवलं. मला ते चोरांपेक्षा जड झालं होतं.

“शिकवताना तिसऱ्या महिन्यात चूक झाली असावी,” खुलू मातीच्या उंचवट्याकडे बघत म्हणाले. “तेव्हा मला ताप होता. पंधरा दिवस सराव घेतला नव्हता. तिथंच कच्चं राहिलं. वॉर्डात पडल्या पडल्या तेच शोधत होतो.”

पाच आठवडे हा माणूस छातीला टाके घेऊन आपली चूक शोधत होता.

“खुलू, तुमचं काही कच्चं नव्हतं,” मी म्हटलं. “तो तुमच्या आवाजावरसुद्धा खाईना. मरायला टेकला होता. मी त्याला जमिनीवरून उचलायला शिकवलं. रोज फेकायची. जिथं मी फेकायची तिथंच तो तुकडा पडला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“काय फेकायचीस?”

“वजडी. बिनमिठाची, तळून.”

“आणि तो काय करायचा?”

“धावायचा. झेलायचा. लपवलं तर हुडकायचा. शेपटीबरोबर अख्खं अंग हलायचं त्याचं.”

“म्हणजे खेळायचा.”

“हो.”

“माझ्यासमोर सात वर्षांत कधी खेळला नाही,” खुलू म्हणाले. “मी खेळूच दिलं नाही.”

एक गाडी गेली, कोणती ते मी विचारलं नाही. त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होते, पण म्हातारा काही देईना. शेवटी ते म्हणाले, “किल्ली ठेव आणि जा आता, मान्याथी. पुन्हा नको येऊस.”

मी उठले आणि किल्ली त्यांच्या पायांशी पायरीवर ठेवली.

“खाली नको,” ते म्हणाले. “हातात दे.”

मी किल्ली उचलली आणि त्यांच्या हातात दिली.